गाळा घेण्याआधी

शहाड

चि. भाच्यास,

रविवारी जेवताना तू म्हणालास, "पैसा माझा, धंदा माझा, सरकारची लुडबुड कशाला?" तुझ्या आईने वाढलेली आमटी गार झाली, पण मामाला काही उत्तर सुचलं नाही. म्हणून हे पत्र.

धंदा कुंपणाच्या आत राहत असता, तर तुझंच खरं होतं. 26 मे 2016 ला डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. बारा माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्या काचेआड पोळ्या लाटणाऱ्या बाईने कुठल्या करारावर सही केली होती? पुढे 23 मे 2024 ला तिथेच अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. आठ वर्षं भरायला तीनच दिवस कमी होते. आपल्या शहाडलाही सप्टेंबर 2023 मध्ये सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकर फुटून कामगार दगावले.

कायदा नव्हता असं नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात एक प्रकरण वाढवलं गेलं: धोकादायक प्रक्रिया असेल तर मालकाने कामगारांनाच नव्हे, आसपासच्या वस्तीलाही धोका काय आणि अपघात झाला तर करायचं काय, हे सांगायचं. डोंबिवलीत किती जिन्यांवर असा कागद चिकटवलेला दिसतो, हे एकदा फिरून बघ.

कारखानदार म्हणतात, "आम्ही आधी आलो, इमारती मागून आल्या." बऱ्याच अंशी खरं आहे ते. पण भिंतीला भिंत लावून फ्लॅट विकणं हासुद्धा धंद्याचाच निर्णय होता, आणि तोही कुणी अडवला नाही.

मात्र अडवण्यालाही हद्द हवी. तोट्यातला मोठा कारखाना बंद करायलाही सरकारची परवानगी लागे. एक्सेल वेअर या मुंबईच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्दबातल ठरवली. सरकारने 1982 मध्ये ती सुधारून परत आणली आणि 2002 मध्ये कोर्टाने ती मान्यही केली. मामाला यात पहिला निकाल पटतो. बुडणारं दुकान जबरदस्तीने उघडं ठेवून कामगाराचा पगार निघत नाही. त्याची थकलेली देणी आधी चुकती करायला लावावीत. शेजाऱ्याच्या छातीत जाणारा वायू ही गोष्ट वेगळी. तिथे परवानगी आधीच हवी, कारण नंतर भरपाई देऊन फुप्फुस परत येत नाही.

सोमवारी गाळा बघायला जाशील तेव्हा भाडं विचारण्याआधी मागच्या बाजूला जा. भिंतीपलीकडे शाळा आहे, चाळ आहे की नाला, ते बघ. आणि रात्री फोन कर, मामा जागा असतो.

तुझा,
मामा