सत्य आणि सांगणारा



‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य आपल्या बहुतेक शाळांच्या भिंतींवर लिहिलेले आढळते. आपल्या राजमुद्रेखालचे बोधवाक्य मुंडकोपनिषदातून घेतलेले असून त्याचाही विषय सत्याचा जय हाच आहे. तेव्हा सत्याचे माहात्म्य शिक्षकांस नव्याने सांगावे असे नाही. परंतु सत्य म्हणजे काय, ते आपणांस कळते कसे, आणि ते कळण्याचा माणसाच्या चांगुलपणाशी काही संबंध आहे किंवा नाही, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. ते तत्त्वज्ञांचे प्रश्न आहेत असे समजून आपण ते बाजूस ठेवतो. वास्तविक एखाद्या मुलीने हात वर करून, “बाई, हे तुम्हांला कसं माहीत?” असे विचारले की तत्त्वज्ञानास प्रारंभ झालाच.

या प्रश्नाचा सर्वांत व्यवस्थित विचार आपल्याकडे न्यायदर्शनाने केला आहे. ज्ञानाची चार साधने नैयायिकांनी मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नावे जड वाटतात. परंतु नळदुर्गच्या किल्ल्यात मुलांना एक दिवस घेऊन गेले तर चारही साधने त्यांच्या हाती देता येतात. बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल मुले डोळ्यांनी पाहतात. पावसाळ्यात बंधारा भरला म्हणजे ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आत उभा राहणारा कोरडा राहतो, हेही पाहतात. हे प्रत्यक्ष होय. बुरुजांवर उंच जागी तोफा आहेत. त्यावरून येथे कोणी तरी कोणाच्या हल्ल्याची वाट पाहत होते असे मुले ताडतात. हे अनुमान होय. कधी न पाहिलेल्या वस्तूचे वर्णन तिच्यासारख्या पाहिलेल्या वस्तूवरून सांगितले, आणि ती समोर येताच मुलाने ओळखली, म्हणजे ते उपमान झाले. सांडवा म्हणजे रांजण काठोकाठ भरल्यावर ज्या कडेवरून पाणी वाहते तिच्यासारखी जागा, एवढे ऐकून गेलेले मूल बंधाऱ्यावर सांडवा आपणहून दाखविते.

परंतु पाणीमहाल कोणी व केव्हा बांधला, हे पाहूनही कळत नाही आणि ताडूनही कळत नाही. ते दुसऱ्याने सांगावे लागते. तेथील फार्सी शिलालेख ते सांगतो: विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, 1613 साली. हे शब्दप्रमाण होय.

आता गावातील आजोबा दुसरेच काही सांगतात. हा किल्ला नळराजाचा. नळ-दमयंतीच्या कथेतील नळ तो हाच. शिलालेखही शब्द आहे आणि आजोबांचे सांगणे हाही शब्दच. दोहोंपैकी कोणता धरावा? काही शिक्षक आजोबांची कथा ‘खोटी’ म्हणून झिडकारतात, काही शिलालेखाचा उल्लेखच टाळतात. दोन्ही मार्ग मला चुकीचे वाटतात. शिलालेख ज्या काळाविषयी बोलतो त्याच काळी तो कोरलेला आहे. म्हणून बांधकामाच्या बाबतीत तो साक्षीदार आहे. नळराजाची कथा सांगणाऱ्याने नळराजा पाहिलेला नाही, त्याच्या आजोबांनीही पाहिलेला नाही. पाणीमहालाविषयी ती कथा साक्ष देऊ शकत नाही. परंतु या मुलखातील माणसांनी आपल्या गावाचे नाव एका सत्त्वशील राजाशी जोडून ठेवले, ही गोष्टही खरीच आहे, आणि ती जाणण्यास कथेसारखा दुसरा पुरावा नाही. मुलाला एवढेच कळले पाहिजे की प्रत्येक साक्षीदारास त्याला जे ठाऊक आहे तेच विचारावे.

येथपर्यंतचा विचार बुद्धीचा झाला. सत्याचा मानवी मूल्यांशी संबंध कोठे येतो, ते पुढे दिसते. आपण किती गोष्टी स्वतः पाहून जाणतो? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक 1674 साली झाला, आपली जन्मतारीख अमुक आहे, हे सारे आपण कोणाच्या तरी शब्दावर मानलेले आहे. आपल्या ज्ञानाचा मोठा भाग असा उसना आहे. म्हणून न्यायदर्शनाने शब्द प्रमाण मानताना एक अट घातली: शब्द आप्ताचा असला पाहिजे. आप्त म्हणजे येथे नातलग नव्हे, विश्वासार्ह सांगणारा. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताच्या ठिकाणी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. सांगावयाच्या विषयाचे त्याला साक्षात् ज्ञान असते. प्राण्यांविषयी त्याच्या मनात दया असते. आणि वस्तू जशी आहे तशीच सांगण्याची त्याला इच्छा असते.

या तीन गोष्टींतील मधली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्ञान हवे, खरे सांगण्याची इच्छा हवी, हे कोणीही म्हणेल. परंतु दया कशास हवी? गणिताचे उत्तर दयाळू माणसाने दिले काय आणि निर्दयाने दिले काय, सारखेच. होय, गणितात सारखेच. परंतु माणसांविषयी बोलताना ज्याच्या मनात ऐकणाऱ्याविषयी आस्था नाही तो सत्यातील आपल्या सोयीचा तुकडाच उचलतो. भाष्यकाराने आणखी एक गोष्ट तेथे नमूद केली आहे, ती वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे: आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. सांगणाऱ्याची जात वा कुळ पाहून सत्य ठरत नाही, हे इतक्या जुन्या काळी आपल्याच देशात लिहून ठेवलेले आहे.

छांदोग्योपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा सर्वांस ठाऊक आहे. गोत्र विचारताच त्या मुलाने, आईला ते माहीत नाही, तिचे नाव जबाला आणि माझे सत्यकाम, असे सरळ सांगितले. या कथेत आपण मुलाच्या धैर्याची स्तुती करतो. गुरूची करीत नाही. हारिद्रुमत गौतमाने ते ऐकून त्याला परत पाठविले असते, तर त्या आश्रमातील पुढच्या प्रत्येक मुलाने एखादे गोत्र पाठ करूनच प्रवेश केला असता. मुले खोटे बोलावयास कोठे शिकतात, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. गृहपाठ का झाला नाही या प्रश्नास “काल आईबरोबर ऊसतोडीला गेलो होतो” असे उत्तर देणारा मुलगा वर्गात हसे करून घेतो. “वही हरवली” म्हणणारा सुटतो. (महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव येऊ लागले आहे. जाबालाचे नाव आईवरूनच होते, हे पहिल्या दिवशी हजेरीपट भरताना आठवले तर बरे.)

महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात जी संस्था काढली तिचे नाव सत्यशोधक समाज. ‘शोधक’ हा शब्द ध्यानात घ्यावा. सत्य आमच्या पेटीत आहे असा दावा त्या नावात नाही. 1888 साली पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते त्यांच्या निधनानंतर 1891 साली प्रसिद्ध झाले. सत्यवर्तन करणारे कोणास म्हणावे, याची तेथे जी उत्तरे आहेत त्यांत स्त्रीपुरुषांचे सारखे हक्क आहेत आणि दुसऱ्यास पीडा न देणे आहे. म्हणजे जोतीरावांच्या लेखी सत्य हे वाक्याचे विशेषण नसून वागणुकीचे होते.

असे वागणुकीतले सत्य पाहण्यास नळदुर्गकरांना दूर जावयास नको. अणदूर आणि नळदुर्गाजवळचे मैलारपूर या दोन ठिकाणी खंडोबाची देवळे दोन, पण देव एकच. वर्षातील बहुतेक काळ देव अणदूरला असतो आणि पौषी पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत मैलारपूरला. देव नेताना व परत देताना दोन्ही गावांचे लोक लेखी करार करतात. भक्तीचा विषय असून कागद कशास, असे एखादा म्हणेल. मला तो कागदच मोलाचा वाटतो. दिलेला शब्द पुढच्या वर्षी खरा करून दाखवावयाचा, हे येथे दोन गावे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. घडलेल्या गोष्टीविषयी खरे बोलणे हे एक; बोललेली गोष्ट घडवून आणणे हे दुसरे. मुलांना या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण क्वचित मिळते, ते येथे घरबसल्या मिळते.

आता ज्या प्रश्नासाठी मुख्यतः हा पाठ लिहावयास घेतला तो प्रश्न. दरवर्षी 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. नळदुर्गचा त्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले, तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्गला लढाई झाली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. त्यापूर्वी रझाकारांनी या भागातील गावांवर जो जुलूम केला, त्याच्या आठवणी घराघरांत आहेत. कासिम रझवीने लातूरला वकिली केलेली. म्हणजे हा अन्याय कोठून परक्या मुलखातून आलेला नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जे लढले त्यांचे ऋण मुलांना कळलेच पाहिजे. हे सारे सत्य आहे आणि ते ठामपणे सांगावे.

परंतु सत्य तेथे संपत नाही. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत संस्थानातील मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या मंडळाने 1948 च्या अखेरीस दौरा करून जो अहवाल दिला, त्यात सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांमध्ये उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या आपल्या धाराशिव जिल्ह्याचे, नाव आहे. रझाकारांचे अत्याचारही त्याच अहवालात आहेत. आणि हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना जिवावर उदार होऊन वाचविले, हेही त्यातच आहे. तो अहवाल कित्येक वर्षे अप्रकाशित राहिला.

ज्या वर्गात दोन्ही समाजांची मुले शेजारी बसतात, तेथे शिक्षकाने काय करावे? कोणी म्हणेल, अप्रिय सत्य बोलू नये असे स्मृतीतच सांगितले आहे. खरे आहे, परंतु त्याच वचनाच्या पुढच्या भागात प्रिय असले तरी असत्य बोलू नये असेही आहे, आणि तो भाग लोक सोयीने विसरतात. चौथीच्या मुलास मृतांचे आकडे सांगावेत असे मी म्हणणार नाही. वय पाहून कमी सांगणे हा असत्याचा प्रकार नव्हे. कसोटी माझ्या मते अशी आहे: आज जे सांगितले त्यात पुढे मोठेपणी भर पडावी, ते पुसावे लागू नये. “रझाकारांनी लोकांना छळले. नंतर निरपराध मुसलमानांनाही फार सोसावे लागले. आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याला वाचविणारी माणसे होती.” ही तीन वाक्ये दहा वर्षांच्या मुलास समजतात, आणि तो विद्यापीठात गेला तरी त्यांतील एकही त्याला खोडावे लागणार नाही. पहिले वाक्य गाळले तर लढणाऱ्यांचा अपमान होतो. दुसरे गाळले तर मागच्या बाकावरील एक मूल घरी जे ऐकून आले आहे ते मनात दाबून ठेवते आणि शाळेच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवीत नाही. तिसरे गाळले तर मुलांना वाटेल की त्या काळी चांगले वागणे शक्यच नव्हते. अर्धे सांगितलेले सत्य दुसऱ्या अर्ध्याविषयी खोटे बोलते. आणि ते दुसरे अर्धे दडपण्याची इच्छा बहुधा दयेच्या अभावातून येते, अज्ञानातून नव्हे. वात्स्यायनाने भूतदया आप्ताच्या लक्षणात का घातली, ते मला येथे उमगते.

हा पाठ घेताना व्याख्यान देऊ नये. मुलांना आठ दिवस अगोदर घरी व शेजारी विचारून येण्यास सांगावे. प्रत्येकाने कोणास विचारले, त्या व्यक्तीने ते स्वतः पाहिले की ऐकले, आणि त्या वेळी तिचे वय काय होते, एवढे वहीत लिहावे. “मला ठाऊक नाही” असे उत्तर मिळाले तर तेही लिहावे. त्यास गुण कमी करू नयेत. चौकशी एकाच गल्लीत होऊ नये याची काळजी शिक्षकाने घ्यावी. कोणी सांगावयास नाखूष असेल तर मुलाने आग्रह धरू नये. नावे वर्गात वाचून दाखवू नयेत. ज्यांना ते दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे आठवते अशी माणसे आता ऐंशीच्या घरात वा त्यापुढे आहेत. तेव्हा हे काम पुढील वर्षावर न टाकता येत्या सप्टेंबरच्या आतच हाती घ्यावे.