सुपात घे गं ती अक्षरं

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला, तेव्हाच ठरवलं, हिला निवांत सगळं सांगायचं. शिष्यवृत्तीच्या सरावात अक्षरांची उलटापालट आली की लेकराचं तोंड एवढंसं होतं, आणि तुझं त्याहून. म्हणतेस, ताई, मलाच येईना, त्याला काय शिकवू? अगं, मिसळलेली तूर नि मूग सुपात घेऊन तू दोन मिनिटांत निवडतेस ना? हे त्याच जातीचं काम आहे बघ.

खरं सांगू का, मला एबीसीडी थेट पाचवीत भेटली. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली, म्हणजे तुझ्या लेकराच्या कानावर ती केव्हाची पडतेय. आणि आपल्या मुखेडची लेकरं गल्लीत खेळता खेळता तेलुगू-कन्नडचे शब्द उचलतात, ती इंग्रजीला का भितील? कागदावर विस्कटलेलं दिसलं की गोंधळतात, एवढंच.

वही बाजूला ठेव. घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच. कोऱ्या बाजूवर चौकोन आखून काप आणि एकेकावर एकेक मोठं अक्षर लिही. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’च्या खाली रेघ ओढ, नाहीतर चिठ्ठी उलटी पडली की एकाचं दुसरं होतं. ‘ई’ भरपूर कर बरं का. स्क्रॅबलच्या खेळात १०० सोंगट्यांमध्ये १२ ‘ई’ असतात. ‘क्यू’ नि ‘झेड’ एकेकच. तो खेळ तयार करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हा हिशेब बसवला होता.

सुरुवात टी, ई, ए या तीनच चिठ्ठ्यांनी कर. सरकवल्या की ‘टी’ म्हणजे चहा, ‘ईट’ म्हणजे खा, ‘एट’ म्हणजे खाल्लं. लेकराची भीती इथेच निम्मी उतरते.

मग जी, ए, आर, डी, ई, एन विस्कटून ठेव. आधी स्वर वेगळे काढायला लाव. नंतर जोड्या शोधायच्या. एस-एच, सी-एच, टी-एच पुष्कळदा जोडीनं येतात, ‘क्यू’मागे तर बहुतेक ‘यू’ असतोच. शेवटी ई-आर बसतंय का, आय-एन-जी बसतंय का, तेही बघायचं. इथे ई-आर शेवटी लाव, उरलेली चार सरकव, झालं ‘डेंजर’! लेकरू टाळी पिटेल, पण लगेच उठू देऊ नकोस. त्याच सहा चिठ्ठ्यांतून ‘गार्डन’ही होतं. एक धोका, एक बाग. मग प्रश्नातली खूण बघायची, चित्रात फुलं आहेत की कवटी? डीपीच्या लाल पाटीवर हाच ‘डेंजर’ असतो, जाता-येता वाचून घे त्याच्याकडून.

इथेच माझं चुकलं होतं गं. थोरल्याला मी क्यू, यू, आय, ई, टी दिली. माझ्या डोक्यात ‘क्वायट’, म्हणजे शांत. त्यानं शेवटची दोन अक्षरं फिरवून ‘क्वाइट’ केलं, म्हणजे बरंचसं. मी काट मारली, वर चार शब्द सुनावले. रात्री भाकरी थापताना ध्यानात आलं, अक्षरं तीच की! सकाळी त्याला जवळ घेऊन सांगितलं, तुझं बरोबर होतं रे. तू ही चूक करू नकोस. वेगळा शब्द आला तर आधी अर्थ विचार. अर्थ मराठीत सांगितला तरी चालेल, पण तो सांगितल्याशिवाय चिठ्ठ्या गोळा करायच्या नाहीत.

वेळेचं म्हणशील, तर दुसऱ्या पेपरात ७५ प्रश्न, त्यातले इंग्रजीचे २५, आणि मिनिटं ९०. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही येत नाही, म्हणून अडलं की पुढे जायचं, ही सवय आत्ताच लाव. घड्याळ मात्र शेवटच्या महिन्यातच समोर ठेव, आत्ता नको.

चिठ्ठ्या चहाच्या रिकाम्या डब्यात ठेव आणि संध्याकाळी कुकर लावला की काढ. तूही खेळ त्याच्यासोबत. तीन शिट्ट्यांत किती शब्द झाले, ते उद्या मला फोन करून सांग, वाट बघते.