गाडी नवी की जुनी? आधी कागद वाचा





दसरा-धनतेरस जवळ आली की आमच्या कार्यालयात पालकांची एक वेगळीच ये-जा सुरू होते. "सर, जरा हे कागद बघता का?" आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून 'हस्तांतरण', 'दृष्टिबंधक' असले शब्द आम्हाला परके नाहीत. मराठी घरात वाढलेली मंडळी मात्र तिथेच अडखळतात आणि न वाचता सही करतात. म्हणून हा लेख.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. आम्ही आमची जुनी गाडी एका ओळखीच्या गृहस्थांना विकली. पैसे मिळाले, चावी दिली, फॉर्मवर सह्या केल्या. "नाव मी बदलून घेतो," असे ते म्हणाले आणि आम्ही निश्चिंत झालो. पावणेदोन वर्षांनी सिग्नल तोडल्याचे चलान आमच्या नावाने घरी आले. गाडी तोपर्यंत तिसऱ्याच माणसाकडे गेली होती. दंड भरून आम्ही सुटलो, पण अपघात झाला असता तर?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिले आहे. २००९ च्या एका अपघातात एकाचा जीव गेला. गाडी त्याआधी विकली गेली होती आणि पुढेही हातोहात फिरली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. न्यायालयाने म्हटले की कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे, आणि भरपाईही त्यानेच द्यायची. विकणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावे. आपण बहुधा घेणाऱ्यालाच सल्ले देत बसतो.

तेव्हा जुन्या गाडीच्या व्यवहारात फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत खरोखर जमा झाले का, हे दोघांनीही पाहावे. एकाच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. कोऱ्या फॉर्मवर सही करून दलालाच्या हाती देऊ नये. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवाच, नाहीतर पैसे आपले आणि बोजाही आपल्याच गळ्यात. पुण्याच्या मामांची गाडी स्वस्तात मिळते म्हणून आणणाऱ्यांनी तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि मध्य प्रदेशचा कर हे दोन्ही हिशेबात धरावे. मग ती तितकी स्वस्त उरत नाही. विमाही आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत अर्ज करायचा. 'नो क्लेम बोनस' मात्र गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा.

आता गाडीकडे वळू. रंग आणि सीटकव्हर बघून भुलू नये. दिवसा, उजेडात, इंजिन थंड असताना पाहावी. आधीच सुरू करून ठेवली असेल तर तासाभराने पुन्हा यावे. पावसाळ्यात तळघरात बुडालेल्या गाड्याही धुऊनपुसून विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आत चिखलाची रेघ सापडते. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. आपला मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याची मजुरी देताना कंजुषी करू नये.

गाडी कोणत्या वर्षाची, यावर आमचा विशेष भर आहे. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. २०२२ पासून बनलेल्या गाड्यांत शेजारच्या सीटलाही ती असतेच. लहान मुले असलेल्या घराने मोठी पण जुनी गाडी घेण्यापेक्षा लहान पण अलीकडची घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. राजवाड्याच्या गल्ल्यांत मोठी गाडी वळवायची कुठे, हा प्रश्न निराळाच! (आपल्या यशवंतराव महाराजांनी १९३० च्या दशकात खास अमेरिकन ड्यूसेनबर्ग बनवून घेतली होती, पण त्यांना सराफ्यात पार्किंग शोधायचे नव्हते.)

नवी गाडी घेणाऱ्यांचे काम सोपे आहे, पण तिथेही डोळे उघडे हवेत. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपचे तारे आता मिळतात. त्यात मोठ्यांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे असतात, दोन्ही विचारावेत. गाडी कोणत्या महिन्यात बनली हेही विचारावे. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही.

हप्त्याचे मात्र गणित करावेच. पाच लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज. पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये आणि एकूण सुमारे ६ लाख २३ हजार. सात वर्षे घेतली तर हप्ता ८,०४५ वर उतरतो, पण एकूण ६ लाख ७६ हजार जातात. लहान हप्त्याची किंमत ५३ हजार! तीही गाडी जुनी होत असताना.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हेच गणित १० टक्के दराने सोडवून आणावे. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी एक सोपे काम. टायरच्या बाजूला 'डॉट' या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे पाचही टायर पाहून आकडे वहीत लिहून आणा. डिक्कीतला स्टेपनीचा टायर विसरू नका, बहुतेक जण तोच विसरतात.