बुजऱ्या गळ्यांसाठी गाणी निवडताना



सोसायटीच्या कोजागिरीला कराओकेची, म्हणजे गायकाचा आवाज वगळून मुद्रित केलेल्या वाद्यसंगतीवर हौशी मंडळींनी गाण्याच्या कार्यक्रमाची, जबाबदारी चि. भाच्याकडे आली असून, ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणणाऱ्यांसाठी कोणती गाणी निवडावीत अशी पृच्छा त्याने केली आहे. ‘सोपी आणि जुनी’ हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण ऐकायला सोपे आणि गायला सोपे यांत पुष्कळ अंतर असते आणि अशा कार्यक्रमांत फजिती होते ती बहुधा तेवढ्याच अंतरात.

‘शुक्रतारा मंदवारा’ हे याचे ठळक उदाहरण. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर लाभलेले हे भावगीत हळुवार असल्यामुळे बुजऱ्या माणसाला तेच आधी सुचते. परंतु संथ लयीत स्वर लांब धरून ठेवावा लागतो, दम पुरवावा लागतो आणि आवाज किंचित हलला तरी ते झाकून जात नाही. याउलट १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले, पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले ‘नाच रे मोरा’ हे गीत लहान लहान तुकड्यांचे असल्याने श्वास घ्यायला जागोजाग सवड मिळते, आणि बालवाडीपासून कानावर असल्यामुळे पडद्यावरच्या शब्दांकडे पाहण्याची गरजही फारशी उरत नाही. मुकेश यांची गाणी, उदाहरणार्थ ‘श्री ४२०’ (१९५५) मधले ‘मेरा जूता है जापानी’, हौशी पुरुषांना मानवतात ती आणखी एका कारणाने : त्यांत ताना आणि मुरक्या, म्हणजे स्वरांची चपळ वळणे, अगदी बेताची असतात.

गाणे पारखताना मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी आरंभीची ओळ, गुणगुणून समाधान मानू नये. गळा अडतो तो अंतऱ्यात, कारण मुखड्यानंतरचे ते कडवे बहुधा वरच्या स्वरांकडे झेपावते. गाणाऱ्याला अंतऱ्यातला सर्वांत उंच स्वर ओरडल्याशिवाय लागतो की नाही, एवढे पाहिले तरी निम्मी निवड होते. उरलेली निम्मी पट्टीची, म्हणजे गायनाचा ‘सा’ ज्या स्वरावर धरला जातो त्याची. स्त्रीच्या आवाजातले गाणे पुरुषाला मूळ पट्टीत चढते आणि एक सप्तक उतरवून घ्यावे तर खर्जात बुडते. म्हणून यंत्रावर किंवा ॲपवर ट्रॅक अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली आणण्याची सोय असते तिचा उपयोग करावा. पेटीवरच्या काळी चारमधला ट्रॅक तीन अर्धस्वर उतरवला की तो पांढरी चारमध्ये येतो. मात्र अंतरा सोपा व्हावा म्हणून पट्टी इतकीही उतरवू नये की मुखड्यातले खालचे स्वर ऐकूच येणार नाहीत.

पट्टी बदलणे म्हणजे लबाडी, असे मानणारे रसिक प्रत्येक सोसायटीत असतात. जपानमधील कोबे शहरातले वादक दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये कराओकेचे यंत्र तयार केले, त्याच्या मुळाशीच एका गिऱ्हाइकाला त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून देण्याची कल्पना होती, हे अशा रसिकांना सौम्यपणे सांगावे.

जुने गाणे निवडावे ते गाणाऱ्याच्या जुन्या काळातले, निवडणाऱ्याच्या नव्हे. पंचाहत्तरीच्या आजोबांना १९५५ चे गाणे जवळचे वाटेल, तर पन्नाशीच्या काकूंच्या शाळकरी आठवणी १९८७ च्या ‘गंमत जंमत’मधल्या ‘अश्विनी ये ना’शी जोडलेल्या असू शकतात. ज्या वयात गाणी आपसूक पाठ होतात त्या वयातले गाणे असले की मधल्या वाद्यसंगीतानंतर नेमके कोठे उचलायचे हे माणसाला आतूनच ठाऊक असते. नवख्याची खरी भीती बेसूर होण्यापेक्षा ही जागा चुकण्याची असते. म्हणून ‘कोणते गाणे म्हणाल?’ असे न विचारता, स्वयंपाक करताना किंवा दाढी करताना कोणते तोंडात येते ते घरच्यांकडून काढून घ्यावे.

बाकी व्यवस्था किरकोळ, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अनेक ट्रॅकवर मराठी शब्दही रोमन लिपीत उमटतात आणि ज्येष्ठांची जीभ तेथेच अडखळते, यास्तव देवनागरीतले शब्द मोठ्या टाइपात छापून हाती द्यावेत. बुजऱ्या माणसाला सोसायटीतल्या नामांकित गळ्यानंतर लगेच उभे करू नये, शक्यतो सोबतीला दुसरा आवाज द्यावा आणि एका अंतऱ्यानंतर मुखडा घेऊन थांबण्याची मुभा ठेवावी. एवढे करूनही कोणी नाहीच म्हणाले, तर दुसऱ्यांदा आग्रह करू नये.

यादी पक्की होताच प्रत्येकाच्या नावापुढे गाणे, पट्टी आणि किती अंतरे हे लिहून ती मामाकडे धाडावी, आणि कोजागिरीच्या आधी एका संध्याकाळी सर्वांची तालीम माइकवरच घ्यावी.