गाडीतला आवाज कुठून येतो?

गेल्या मे महिन्यात बेळगावहून वडोदऱ्याला, सुभानपुऱ्यातील काकांकडे गेलो होतो. त्यांच्या मोटारीत पुढच्या बाजूने घरघर येई. मेकॅनिकने इंजिनाचे माउंटिंग बदलले. पैसे गेले, घरघर राहिली. काका तर गाडीच विकायला निघाले होते!

मी प्रथम गाडी अंगणात उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती वाढवली. उभ्या गाडीतही आवाज आला. तेव्हा चाके व रस्ता निर्दोष. आवाज मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या आसपासच येई. चार सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेरीस दोन स्फोट होतात, म्हणजे येथे सेकंदाला ६०. त्या कंपनाशी जुळणारा एखादा सैल भाग अनुनादाने थरथरत असणार. कानावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. बंद गाडीत काचांवरून परावर्तन होऊन आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो. काकांना तीच गती धरायला सांगून मी एकेक भाग तळहाताने दाबत गेलो. डॅशबोर्डातील कप्प्याच्या झाकणावर हात पडताच घरघर थांबली! कडेला फेल्टची पट्टी चिकटवली.

प्रयोगशाळेत अनेक मायक्रोफोन मांडतात व आवाज कोणाकडे किती आधी पोचला यावरून उगम काढतात. पण नुसते डेसिबल मोजून भागत नाही. सारख्या जोराच्या दोन उगमांपैकी एक पूर्ण बंद केला, तरी माप फक्त ३ डेसिबलने उतरते. उलट आमची घरघर एकूण आवाजात नगण्य, तरी कानाला तीच टोचे. शिवाय मोठा आवाज लहानाला झाकतो. विजेच्या मोटारीत इंजिन नसल्याने बारीकसारीक किरकिरही ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "अरे, आता मागे काहीतरी टिकटिकतंय बघ!"