आधी गिऱ्हाईक की आधी माल?

प्रश्न : हातमागाच्या साड्यांसाठी ऑनलाइन बाजारपेठ सुरू केली आहे. विणकर म्हणतात, गिऱ्हाईक दाखवा. गिऱ्हाईक म्हणतं, माल दाखवा. सुरुवात कुठून करू?

उत्तर : विणकरांपासून, पण सगळीकडे एकदम नको. आधी फक्त येवल्याची पैठणी घ्या. २०-२५ विणकरांच्या घरी जाऊन फोटो, किंमत, माहिती तुम्हीच भरा. ‘एअरबीएनबी’ या घरं भाड्यानं देण्याच्या संकेतस्थळाच्या संस्थापकांनीही २००९मध्ये न्यूयॉर्कला घरोघरी जाऊन फोटो काढले आणि बुकिंग वाढलं. नोंदणी मोफत ठेवा. कमिशन विक्री झाल्यावरच घ्या. ग्राहक लग्नसराईच्या तोंडावर, महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून गाठा. यंत्रमागाच्या नकलेची धास्ती त्यांना असते; म्हणून साडीची उलटी बाजू फोटोत दाखवा आणि परतीची हमी द्या. जाहिरातीवर खर्च त्यानंतर.