जुन्या स्पोर्ट्‌स कारचा सायलेन्सर : नियोजन शिकवणारा एक पाठ



‘आधी नियोजन कर’ असं आपण मुलांना रोज सांगतो. पण नियोजन म्हणजे नेमकं काय करायचं, हे दाखवायला एखादं ठोस उदाहरण लागतं. आज असंच एक घेऊ. एका जुन्या स्पोर्ट्‌स कारची एक्झॉस्ट यंत्रणा, म्हणजे इंजिनातला धूर मागे नेणारे पाइप आणि सायलेन्सर, बदलायची आहे. नववी-दहावीच्या वर्गात दोन तासिकांत हा पाठ होतो.

गाडी कोणती?

ब्रिटनची एमजीबी. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती 1962 ते 1980 या काळात तयार झाली. इंजिन 1798 सीसीचं, लांबी सुमारे 3.9 मीटर. ब्रिटनमध्ये 2018 पासून 40 वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची नाही. गाडी सुरक्षित ठेवायची जबाबदारी मात्र मालकाचीच. परीक्षक नसताना आपण काम किती चोख करतो, हा या पाठातला खरा प्रश्न आहे.

पायरी 1 : बिघडलं कशामुळे?

मुलांना विचारा, “गाडी फक्त रविवारी थोडीशी फिरवली, तर सायलेन्सर जास्त टिकेल की कमी?” बहुतेक जण ‘जास्त’ म्हणतील. आता फळ्यावर समीकरण लिहा :

2C₈H₁₈ + 25O₂ → 16CO₂ + 18H₂O

114 ग्रॅम ऑक्टेन जळलं की 162 ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी! लांबच्या प्रवासात पाइप तापतो आणि वाफ बाहेर पडते. छोट्या फेरीत मागचा सायलेन्सर थंडच राहतो, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून कमी वापरलेल्या गाडीचा सायलेन्सर लवकर जातो. कारण न शोधता नवा बसवला, तर तोही तसाच सडेल.

पायरी 2 : कशाचा घ्यायचा?

साधं पोलाद स्वस्त, पण लवकर गंजतं. 409 जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे 11 टक्के क्रोमियम असतं. वरून थोडा तांबूस डाग पडतो, पण पत्रा टिकतो. 304 जातीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, म्हणून ते अधिक टिकाऊ आणि महाग. 409 ला चुंबक चिकटतं, 304 ला सहसा नाही. घरातल्या स्टीलच्या भांड्यांवर मुलांना हे करून पाहू द्या.

पायरी 3 : माप किती?

“मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद” हा समज इथे तपासता येतो. आतला व्यास 45 मिमीवरून 50 मिमी केला, तर क्षेत्रफळ सुमारे 23 टक्के वाढतं. (मुलांकडून काढून घ्या.) वाट रुंद झाली की तेवढाच वायू हळू वाहतो, आणि कमी वेगात इंजिनाची ओढ घटू शकते. आवाजही वाढतो. ध्वनीची पातळी 10 डेसिबलने वाढणे म्हणजे तीव्रता दहापट होणे, आणि तो त्रास शेजाऱ्यांना! इंजिनात बदल केलेला नसेल, तर मूळ मापच बरं.

पायरी 4 : बसवायचा कसा?

3 मीटरचा 304 स्टीलचा पाइप 200 अंशांनी तापला, तर सुमारे 10 मिमी लांब होतो. म्हणून तो गाडीला घट्ट जखडत नाहीत, रबरी आधारांवर टांगतात. आधी सगळे भाग सैलसर जोडायचे, कुठे घासत नाही ना ते बघायचं, मग इंजिनाकडून मागे येत नट आवळायचे. गाडी तापून थंड झाली की पुन्हा एकदा तपासायचे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली भक्कम स्टँड हवेतच.

पायरी 5 : झालं, हे कशावरून?

ही पायरी सोडून चालत नाही. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या एमजीबीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता, त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एखादा सांधा गळत असेल, तर तो वायू बसणाऱ्यांपर्यंत पोचू शकतो. म्हणून थंड, बंद इंजिन असताना मागच्या टोकातून हवा फुंकायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की गळती आहे. सायकलचं पंक्चर काढताना आपण हेच करतो ना! त्यानंतरच इंजिन सुरू करायचं, आणि तेही उघड्यावर.

गृहपाठ

घरातली एक नादुरुस्त वस्तू निवडा. गळका नळ चालेल, सायकलची साखळी चालेल. का बिघडली, कशाची हवी, माप काय, बसवायची कशी, झालं हे कशावरून, ही पाच उत्तरं लिहा. पालकांनी लगेच दुकानात धावू नये. मुलाचा कागद पूर्ण होईपर्यंत थांबावं.

पाचवा प्रश्न मुलं हमखास गाळतात. खरं सांगायचं तर आपणही गाळतो. तेवढा एक लक्षात राहिला, तरी पाठ झाला.